टीव्हीला लाल टॅग

चाकणच्या एका कंपनीत दत्तोबा स्टोअर सांभाळायचे, आणि त्यांच्या स्टोअरमध्ये कामाविना बसायची माशीचीही टाप नव्हती. एखादी वस्तू नुसती पडून दिसली की दत्तोबा तिला लाल टॅग बांधायचे. कुणी मागायला आलं तर टॅग सुटायचा, नाहीतर वस्तू भंगारात. साहेब सुट्टीवर गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीलाही त्यांनी टॅग बांधला होता. साहेब वेळेत परतले म्हणून खुर्ची वाचली.

अशा माणसाच्या नजरेतून घरचा टीव्ही कितीसा सुटणार?

"हा टीव्ही पोसण्यात अर्थ न्हाई," चिंचवडच्या आपल्या फ्लॅटमध्ये चहा पिता पिता दत्तोबांनी जाहीर केलं. "सारखा रिचार्ज मागतो, वर लाईट खातो. आणि बघतं कोण? मी त्याच्यापुढं घोरतो. पोरगा निरंजन गेला नोकरीला बेंगळुरूला. राहिलीस तू, तर तू सैपाकघरात, त्याच्याकडं पाठ करून!"

"असू द्या की. तुमास्नी काय चावतोय का?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"रिचार्ज संपलाय, तो आता भरायचा न्हाई. आन् हा बांधला टॅग. ज्याला लागंल त्यानं मागावा. महिनाअखेरपर्यंत कुणी मागितला न्हाई, तर टीव्ही गेला."

कौशल्याबाईंनी टॅगकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कपबशा उचलून आत गेल्या. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा दत्तोबांचा समज होता. इतका संसार करूनही माणसाचे असे समज टिकतात, याचं नवल वाटतं. त्या दिवसापासून घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधली दिपाली इडलीचं पीठ द्यायला आली आणि टॅग बघून गेली. आता दुसऱ्या कुठल्या गावात लाल कागदाचं कुणाला काही वाटलं नसतं. पण या बिल्डिंगमधला घरटी एक माणूस कंपनीत जाणारा. दिपालीचा नवरा जयसिंग तर कंपनीत माल तपासणारा, क्वालिटीवाला. लाल टॅग म्हणजे भंगार, हे तिथं पोराबाळांनाही ठाऊक.

"चांगला चालता टीव्ही भंगारात?" जयसिंग म्हणाला. "पैशाची अडचण दिसते. काकांना कंपनीनं घरी बसवलं वाटतं."

संध्याकाळी तो स्वतःच आला. बराच वेळ चपला घालून दारातच घुटमळला.

"काका, वाईट वाटून घेऊ नका. भोसरीला एका गोडाऊनवर वॉचमन पाहिजे. मी शब्द टाकतो. बसायला खुर्ची देतील."

"अरे, मला नोकरी हाय!"

"हो, हो," जयसिंग समजुतीनं म्हणाला आणि खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, की काका फार स्वाभिमानी आहेत, कुणी विषय काढू नका.

मग विषय सोडून सगळं निघालं. कुणी तांदूळ आणून दिले, कुणी लिफ्टमध्ये पाठीवरून हात फिरवला. सेक्रेटरींनी "मेंटेनन्सचं सावकाश द्या" म्हणून निरोप धाडला. सकाळी दत्तोबा कंपनीच्या बसकडे निघाले, तर वॉचमन हळहळून म्हणाला, "सवय सुटत नाही, नाही का काका?" दत्तोबा जितकं नाकारत, तितकी त्यांची नोकरी जास्त जात होती.

एवढं होऊनही दत्तोबा खुशीत होते. महिना सरत आला तरी घरातून टीव्हीची मागणी आलेली नव्हती. शेवटच्या दिवशी, भंगारवाल्याला निरोप देऊनच ते घरी आले, तर दाराला कुलूप. चहा नाही, बायको नाही. समोरच्या फ्लॅटमधून टीव्ही दणदणत होता.

आत कौशल्याबाई मेथी निवडत बसल्या होत्या. टीव्हीकडे पाठ करून.

"हितं येऊन तरी बघतीयास कुठं?" दत्तोबा दारातूनच म्हणाले.

"बघायचं न्हाईच मला." कौशल्याबाईंनी मान वर केली नाही. "तुमी उजाडायच्या आत जाता. निरंजन तिकडं. घरात कुणीतरी बोलत असल्यालं बरं वाटतं, एवढंच. दिपाली बोलावती रोज, म्हणून येते."

दत्तोबा आत आले. "मग मागायचा न्हाई का? मागितला असता तर—"

"ते स्टोअर झालं तुमचं," कौशल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्याच घरात मागून घ्यायचं असतं व्हय?"

दत्तोबांना फार वाईट वाटलं. ते उलट पावली घरी गेले आणि टॅग फाडून टाकला. भंगारवाला आला, त्याला चहा पाजून परत पाठवला. मागोमाग कौशल्याबाई आल्या तेव्हा ते मोठ्या उमेदीनं टीव्हीचं बटण दाबत होते. पडद्यावर एकच ओळ आली: कृपया रिचार्ज करा.

"उद्या भरतो," ते ओशाळून म्हणाले. "तवर मी बोलतो की."

स्टूल ओढून ते सैपाकघराच्या दारात बसले आणि बोलायला लागले. कुठलं बेअरिंग कुठल्या रॅकला, नव्या पोरानं वॉशर कसे मिसळले, ग्रीसचे डबे झाकणं न लावता कोण ठेवतं. कौशल्याबाई पाठ करून भाकरी थापत होत्या आणि मधूनमधून "हं" म्हणत होत्या. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नव्हती. दत्तोबांचा ऊर भरून आला. एवढी वर्षं आपण उगाच गप्प राहिलो, असं त्यांना वाटलं, आणि त्या भरात त्यांनी नटबोल्टच्या रॅकचा विषय काढला.

तिसरी भाकरी तव्यावर टाकून कौशल्याबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि मायेनं मागं वळून पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "रिचार्ज आत्ताच न्हाई का व्हायचा?"