कितवा अर्थ?

खांबेटेकाकांशी बोलताना इंग्रजी शब्द वापरायचा नाही, हे मला मस्कतला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. गाला या तिथल्या कारखान्यांच्या भागातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या कंपनीत मी नुकताच अकाउंट्सला लागलो होतो आणि काका पार्ट्स विभागाचे प्रमुख होते. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन अदबीनं म्हणालो, "सर, एक ऑर्डर होती."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कितवा?"

"काय कितवा?"

"अर्थ. हुकूम, क्रम की मागणी?"

"मागणी," मी म्हणालो.

"मग मागणी म्हण. उगाच माणसाला तीन दारं ठोठावायला लावतोस."

माझं शिक्षण तालुक्याच्या गावी झालं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत गुरुजींनी दिलेला प्रत्येक इंग्रजी शब्द मी त्याच्या एका अर्थासकट मुकाट्यानं घेतला आणि त्यांचे उपकार मानले. त्या शब्दांना आणखी अर्थ असतील, अशी शंका घेणं मला कृतघ्नपणाचं वाटलं असतं. काकांना मात्र दुसरं काही सुचतच नसे. आमचे अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, एकदा जाता जाता म्हणाले, "खांबेटे, ये क्लिअर करो." काका नम्रपणे उभे राहिले. "कौनसा वाला, अर्बाब?" अर्बाब म्हणाले, "सब वाला. यल्ला, जल्दी."

काउंटरवरचा मालवणचा गावकर तर रोज कप ठेवताना म्हणायचा, "काका, च्या हाडलंय. अर्थ पयलो, साखर कमी."

हा नाद काकांना लागला तो व्याह्यांमुळे. त्यांची एकुलती एक मुलगी सई शिकायला आइसलँडला गेली आणि तिथल्याच एनार नावाच्या मुलाशी तिनं लग्न केलं. एनारचे वडील गुन्नार हे तिकडच्या कुठल्याशा खेड्यातले मेंढपाळ. लग्न पुण्यात झालं, पण गुन्नार आले नाहीत. मेंढ्यांच्या बाळंतपणाचा हंगाम होता. काकांना हे कारण फार पटलं. "आपल्याकडे माणसं इन्कम टॅक्सचं कारण सांगतात," ते म्हणाले. "हा मनुष्य जबाबदार आहे."

गुन्नारना इंग्रजी येत नव्हतं. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, गुन्नारही एकटेच होते. काकांनी ठरवलं, व्याह्यांशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. फोनवरच्या भाषांतरयंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्यानं कितवा अर्थ उचलला, हे ते सांगतच नाही. उद्या भलतंच काही जाऊन संबंध तुटले तर? मुलगी तिकडे आहे माझी." म्हणून त्यांनी इंग्रजी-आइसलँडी शब्दकोश मागवला. इंग्रजीत वाक्य करायचं, मग एकेका शब्दाचा अर्थ निवडायचा आणि दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये बसून ते वाक्य गुन्नारना पाठवायचं.

पहिल्याच निरोपात घोटाळा झाला. "तुमच्याकडे स्प्रिंग आला का?" असं त्यांना विचारायचं होतं, म्हणजे वसंत ऋतू. शब्दकोशात स्प्रिंगपुढे बरेच शब्द होते. उभी हयात गाल्यात काढलेल्या माणसानं जो उचलायचा तोच उचलला. मोटारीच्या चाकावरची स्प्रिंग. मस्कतला वसंत येत नाही, स्प्रिंगा मात्र कंटेनर भरून येतात.

गुन्नारना वाटलं, नवे व्याही आपल्या गाडीची चौकशी करताहेत. त्यांनी जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकाचा फोटो पाठवला. स्प्रिंग खरोखरच तुटलेली होती. काकांनी फोटो मोठा करून पाहिला आणि मान डोलावली. "आपल्या तिसऱ्या रॅकवर आहे." शिल्लक एकच होती, ती कुरिअरनं रवाना झाली. पुढे कित्येक दिवस काका सांगत, "रुखवतात स्प्रिंग देणारा मुलीचा बाप मी एकटाच." आणि लगेच हळहळत, "पण स्प्रिंगा जोडीनं बदलायच्या असतात. एकच पाठवली. बरं नाही झालं."

तेव्हापासून गुन्नारचे आवाजी निरोप येऊ लागले. ते मुद्दाम सावकाश, छोटी छोटी वाक्यं बोलत, मागे मेंढ्या ओरडत. सुरुवातीला नेहमी एकच शब्द, काकांनी शिकवलेला, "व्याही". काका निरोप पुन्हा पुन्हा ऐकत, शब्दकोश उलटत. मी वादी अदाईला इतरांबरोबर खोली करून राहायचो. काका दर शुक्रवारी मला जेवायला बोलवत, आणि वरणभाताबरोबर मला आइसलँडी वाढली जाई.

"हे बघ, इंग्रजीत 'आय नो'मधलं 'नो'. झालं, एकच. त्यांच्याकडे तीन. विता म्हणजे माहीत असणं, कुन्ना म्हणजे पोहता येतं तसं येणं, थेक्या म्हणजे ओळखणं. अगदी आपल्यासारखं. इंग्रज माणूस बायको आणि पोहणं एकाच क्रियापदात कोंबतो. कसं चालत असेल त्यांचं?"

"चाललंय तर खरं त्यांचं, काका."

"चाललंय. कितवा?"

गेल्या वर्षी एकदा मी सवयीनं म्हणालो, "काका, ते स्टेटमेंट द्या ना." त्यांनी ते काढून दिलं. काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गावकरनं कप ठेवून "अर्थ पयलो" म्हटलं, तरी काका नुसते चहा प्यायले. गावकर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "काकांका बरां नाय वाटता. डॉक्टरकडे न्हे त्यांका."

शुक्रवारी जेवताना मी विचारलं. काकांनी ताटातला भात बाजूला सारला. सई आणि एनार वेगळे झाले होते. भांडण नाही, कोर्टात कागद झाले, दोघांचं बरं चाललं होतं.

"सईचा फोन होता. म्हणाली, बाबा, आता गुन्नारना निरोप पाठवू नका. बरं दिसत नाही." "बरोबर आहे तिचं. नातंच राहिलं नाही."

"त्यांना तसं कळवलंत?"

"काय कळवू? वाक्य होत नाही." शब्दकोश कपाटावर गेला होता. त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती.

त्यानंतरचे शुक्रवार आम्ही क्रिकेट बघून काढले. काकांना क्रिकेट आवडत नाही.

मग एका शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन वाजला. गुन्नारचा फोटो होता. सोबत आवाज नाही, शब्द नाही. तीच पिकअप, पण दुसऱ्या बाजूचं चाक, आणि तिकडची स्प्रिंग तुटलेली.

काकांनी फोटो मोठा करून पाहिला. "मी म्हटलं होतं ना," ते म्हणाले, "जोडीनं बदलायला हवी होती."

"सईला काय सांगणार?"

"सांगेन. अर्धा माल देऊन गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडता येत नाही. हा धंद्याचा प्रश्न आहे." आणि त्यांनी बरणी उचलून शब्दकोश खाली काढला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कुरिअरच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या केरळी मुलानं खोकं वजनावर ठेवलं आणि विचारलं, "रिलेशन?"

"कौनसा वाला?" काका म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की मी दुसरीकडे बघितलं.

"मतलब ये आदमी आपका कौन लगता है?"

"व्याही."

"वो क्या होता है?"

काका म्हणाले, "इंग्लिश में नहीं है."

मुलानं मागची रांग पाहिली. "तो फ्रेंड लिख दूं?"

काका खोक्यावरच्या पत्त्याकडे पाहत राहिले.

"लिखो," ते म्हणाले. "पहला वाला."