खैरवाडीच्या साठ घोंगड्या

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी सोलापुरातल्या एका धर्मादाय इस्पितळाने साठ घोंगड्या नापसंत केल्या. माल आठ दिवसांत उचलून न्यावा, असे पत्र त्यांनी खैरवाडीच्या विणकर सोसायटीला पाठवले. पत्राची एक नक्कल कौन्सिलचे मेंबर निवृत्ती नाना गडदे यांना गेली. दुसरी आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आली. ती कोणी पाठवली, ते शेवटपर्यंत कळले नाही.

मी तेव्हा त्या साप्ताहिकाचा बातमीदार होतो. नाना मुंबईच्या कायदे कौन्सिलात जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या कोरड्या तालुक्यांच्या वतीने बसत. त्या भागाला ते ‘वरचं अंग’ म्हणत. सरकारने कुठेही, काहीही करायचे ठरवले, की नाना उठून एकच प्रश्न विचारत: “आमच्या वरच्या अंगाला काय?”

एकदा कौन्सिलात कोकणातल्या एका दीपगृहाची चर्चा चालू होती. नाना उठले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. सन्माननीय मेंबरांच्या तालुक्यात समुद्र आहे काय, असे अध्यक्षांनी विचारले. नाना म्हणाले, “न्हाय. त्येच तर म्हंतोय म्या. त्यो बी न्हाय.”

इंग्रजी न येणाऱ्या मेंबराला मराठीत बोलण्याची मुभा होती. लघुलेखक नानांचे भाषण इंग्रजीत उतरवून घेत आणि त्यात ते फार सभ्य होऊन जाई. छापील अहवाल कोणी वाचून दाखवला, तर नाना शेवटपर्यंत ऐकून घेत आणि विचारत, “कोन बोल्लाय ह्यो? चांगला दिसतोय मानूस.”

त्यांच्या पिशवीत कागद कमी असत. वरच्या अंगाच्या वस्तू असत: सडकेची खडी, लोकरीचा पुंजका, वाडीच्या विहिरीच्या पाण्याची बाटली. ही बाटली ते साहेबांच्या टेबलावर ठेवत. “घ्या की, दोन घोट,” म्हणत. साहेब घेत नसत. “मग बोलू आपन,” म्हणत नाना खुर्ची ओढत. शहरात त्यांची टिंगल होई आणि आमच्या साप्ताहिकातही होई. दीपगृहाची हकीकत मीच छापली होती.

पण घोंगड्यांचा ठराव नानांनी नेटाने चालवला. मेंढरे पाळणारी आणि लोकर विणणारी घरे वरच्या अंगाला पुष्कळ. बाजारात गिरणीची ब्लँकेटे आली, तसे त्यांचे माग बंद पडू लागले. सरकारी मदत घेणाऱ्या इस्पितळांनी थंडीची पांघरुणे या विणकरांकडून घ्यावीत, एवढेच नानांचे म्हणणे होते. अधिवेशनामागून अधिवेशन ते हेच बोलत राहिले. शेवटी एका इस्पितळाने साठ नग घेऊन पाहावेत, असे ठरले. ते पसंत पडले, तर बाकीची इस्पितळे घेणार होती. नाही, तर विषय संपणार होता. खैरवाडीत या मागणीच्या भरवशावर बंद पडलेले माग पुन्हा उभे राहिले होते.

चूक कुठे झाली, हे वरच्या अंगाच्या कुठल्याही बाईने सांगितले असते. घोंगडी विणण्याआधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात. त्यामुळे नवी घोंगडी फळीसारखी ताठ असते. घरी आणली, की ती ओढ्यावर नेऊन पायांनी तुडवायची, खळ काढायची आणि मग अंगावर घ्यायची. विणकर ती कधीच धुऊन देत नाही. ताठपणा हीच माल कोरा असल्याची खूण. इस्पितळात हे कोणाला माहीत नव्हते, आणि इस्पितळाला ते माहीत नसेल हे खैरवाडीत कोणाच्या डोक्यात आले नाही. उलट सरकारी काम म्हणून या साठांना खळ दुप्पट दिली होती.

त्या तशाच खाटांवर गेल्या. गिरणीतल्या एका तेलुगू कामगाराने मेट्रनबाईंना विचारले, “अम्मा, अंगावर दार ठेवलं काय?” चिंचोक्याच्या वासाने उंदीर आले आणि त्यांनी काठ कुरतडले. खेड्यांतल्या रोग्यांना कारण कळत होते. पण इस्पितळाला आपण कसे शिकवायचे, म्हणून ते नुसती तक्रार करत आणि कारण सांगत नसत.

मंगळवारी नाना आमच्या कचेरीत आले. बसले नाहीत.

“छापनार?” त्यांनी विचारले.

“छापावे लागेल,” मी म्हणालो.

“छापा. खोटं थोडंच हाय? पन अंक शुक्रवारी निगतो. तंवर बघा, आन् मग काय ते लिवा.”

मी बुधवारी इस्पितळात गेलो. माल परत न्यायला खैरवाडीहून बैलगाडी आली होती. गाडीबरोबर सिदूबापू आले होते, सोसायटीतले सगळ्यांत म्हातारे विणकर. मागच्या अंगणात धुण्याचा दगडी हौद होता. नाना धोतर खोचून त्यात उभे होते आणि घोंगडी तुडवत होते.

सिदूबापू हौदाशी आले नाहीत. “नाना, धुतल्यालं घोंगडं गिऱ्हाइकाला द्यायचं म्हंजी वापरल्यालं दिल्यावानी हाय,” ते लांबूनच म्हणाले. “माजा बाप वरनं बघतोय. म्या हात लावनार न्हाय.”

“बापाला म्हनावं, दोन दिस तोंड फिरवून बस,” नाना म्हणाले. “तू बी बस.”

सिदूबापू लिंबाखाली हौदाकडे पाठ करून बसले. ते खरेच दुसऱ्या दिवशीही तसेच बसले.

पुरुषांच्या वॉर्डाच्या खिडक्या अंगणावर उघडत. थोड्याच वेळात गजांमागे तोंडे दिसू लागली.

“मेंबर, डाव्या कोपऱ्यात खळ ऱ्हायली की अजून.”

“मग ये की भायेर. तुडव.”

“पाय चालत न्हाय म्हनून तर हितं पडलोय.”

“मग तोंड बी गप ठेव.”

“तोंडाला काय झालं न्हाय, नाना. डाक्टरनं बगितलंय.”

बुधवारी दिवस मावळेपर्यंत वीस घोंगड्या झाल्या. गुरुवारी दुपारी नाना एक घोंगडी पिळायला लागले. सिदूबापूंनी मान वळवली आणि ते उठले. “पिळू नगा. पोत मरतंय. नुसतं निथळू द्या,” म्हणत त्यांनी दुसरे टोक धरले. बापाचे नाव पुन्हा निघाले नाही. तिसऱ्या प्रहरी साठही घोंगड्या झाल्या होत्या. पहिल्या वीस उन्हात वाळल्या होत्या.

मेट्रनबाई अहमदनगरकडच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक घोंगडी हातात घेतली, गालाला लावून पाहिली आणि घडी घातली. मी त्यांना विचारले, साठही रोग्यांनी तक्रार केली होती काय?

“एकोणसाठ,” त्या म्हणाल्या. “बायकांच्या वॉर्डात अकरा नंबरची खाट आहे. तिने नाही केली. पाच महिने झाले तिला येऊन. उजवं अंग लुळं पडलंय. ताठ काठाने खांद्याचं कातडं गेलं होतं, तरी विचारलं की ‘बरी हाय’ म्हणायची. मंगळवारी मलम लावताना तिचे मालक आले भेटायला, तेव्हा त्यांनी खांदा पाहिला.”

“मालक कोण?”

मेट्रनबाईंनी अंगणाकडे पाहिले. नाना दोरीवरच्या घोंगड्या उलटत होते.

नानांच्या पत्नी माहेरी असतात, असे शहरात सगळे समजत होते. मीही तसेच समजत होतो.

पाच वाजता भेटीची वेळ सुरू झाली. नाना एक घोंगडी घेऊन वॉर्डात गेले. मेट्रनबाईंनी मला दाराशी उभे राहू दिले. अकरा नंबरच्या खाटेवर पन्नाशीच्या बाई होत्या, किरकोळ बांध्याच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या. नानांनी अंगावरची चादर काढली आणि धुतलेली घोंगडी पायांकडून वर पसरली. खांद्यापाशी ते थांबले आणि काठ आत दुमडला.

“आता बग,” ते म्हणाले.

“आदीचं घोंगडं बी बरंच व्हतं की,” बाई म्हणाल्या. बोलणे जड होते, पण कळत होते.

“व्हय. खांदा बगितला म्या.”

“लोकं कटकट करत व्हती. म्या न्हाय केली.”

“का न्हाय केली?”

“तुमचं व्हतं नव्हं त्ये.”

बाईंनी डाव्या हाताने काठ चाचपला. “सिदूबापूचा हात हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “पसंत झाली का वो?”

“बाई सांगतील.”

मेट्रनबाई खाटेपाशीच होत्या. “झाल्या,” त्या म्हणाल्या.

परत जाताना मी नानांबरोबर फाटकापर्यंत चाललो. वरच्या अंगाला दवाखानाही ते कौन्सिलात मागत आले होते; तेव्हा हे का सांगितले नाही, असे मी त्यांना विचारले. त्यांच्या गावापासून हे इस्पितळ बैलगाडीने दीड दिवसाच्या वाटेवर होते. लकवा झाला, तेव्हा ते बाईंना त्याच वाटेने घेऊन आले होते.

“त्ये घरचं हाय,” नाना म्हणाले. “कौन्सिलात गावचं बोलायचं. आन् बातमीदार, तुमी बी लिवू नगा.”

शुक्रवारच्या अंकात तीन ओळी आल्या: इस्पितळाने पत्र मागे घेतले, साठ घोंगड्या ठेवून घेतल्या, वापरण्यापूर्वी त्या धुवाव्या लागतात. आणखी दोन इस्पितळांची मागणी त्याच थंडीत आली. तो माल खैरवाडीहून धुऊन आला.

पार्वतीबाई गडदे माघात वारल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बातमीसाठी मला त्या इस्पितळात जावे लागले. मेट्रनबाईंनी भेटीला येणाऱ्यांची वही दाखवली. माघापर्यंत दर मंगळवारी नानांचे नाव आहे, आणि कोणाला भेटायचे या रकान्यात अकरा नंबर. माघानंतरही दर मंगळवारी त्यांचे नाव आहे. कौन्सिल भरलेले असेल, तेवढे मंगळवार सुटले आहेत. रकान्यात दर वेळी वेगळा नंबर आहे. मी मेट्रनबाईंना त्याचे कारण विचारले. त्या म्हणाल्या, ते आले की आधी विचारतात, या आठवड्यात कोणाकडे कोणीच आले नाही.