न अडकणारा कॉम्प्युटर

दुपारचे चार वाजले की आमच्या भिंतीपलीकडून गाऱ्हाणं सुरू होतं.

"बा देवा म्हाराजा, हय चारकोपात दुसऱ्या माळ्यार बसलेल्या ह्या तुझ्या लेकराक आणि तेच्या गड्यांक येस दी रे म्हाराजा."

"होय महाराजा."

"जो कोण झुडपाआडसून बंदूक रोखीत, तेका थयच्या थय आडवो कर रे म्हाराजा."

"होय महाराजा."

हे 'होय महाराजा' म्हणणारे कोण, तर एक इंदूरचा कापडदुकानदार आणि दुसरी गुवाहाटीची दातांची डॉक्टर. दोघांनी कोकण नकाशातसुद्धा बघितलं नसेल. पण बाबीकाका गावड्यांच्या टीममधून ऑनलाइन गेम खेळायचा असेल तर आधी गाऱ्हाण्याला होकार भरावा लागतो. त्याशिवाय काका माउसला हात लावत नाहीत.

बाबीकाका माझे शेजारी. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, वय सत्तरीला टेकलं, आणि बंदुकीच्या गेममध्ये असे तरबेज की सोसायटीतली कॉलेजची पोरं जिन्यात भेटली की बाजूला होऊन वाट देतात. मला त्यांचा भारी अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्यांना नावं ठेवली तरी कुणी गैरसमज करून घेणार नाही.

खेळ तसा सोपा. चौघांची टीम एका बेटावर उतरते. तिथे अशाच आणखी टीमा असतात. एकमेकांना टिपायचं, शेवटी उरेल ती टीम जिंकली. ह्यासाठी काका इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून, वर पट्टा बांधून बसतात. मी एकदा म्हटलं, "काका, घरातल्या घरात लेंग्यावर बसा की." तर म्हणाले, "अगो वैशू, लढाईक लेंग्यार जातत काय?" 'रीतसर' हा त्यांचा लाडका शब्द. बंदूक रीतसर धरायची, माणूस रीतसर मारायचा. इंदूरवाल्याला दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याने आदल्या दिवशी रजा कळवायची, तीही रीतसर, कारणासकट. काकी स्वयंपाकघरातून म्हणतात, "कचेरीत कधी वेळेर गेलो नाय, हय मातर चाराच्या ठोक्याक हजर."

चौथा गडी पूर्वी रोज नवा असायचा. गेमच कुणालातरी जोडून द्यायचा. गेल्या शिमग्याच्या सुमाराला असाच एक आला. काकांचं गाऱ्हाणं झालं, त्या दोघांनी आपलं नेहमीचं बेताचं 'होय महाराजा' म्हटलं, आणि चौथ्याने छाती भरून 'व्हय म्हाराजाऽ' असा होकार दिला. काकी हातात लाटणं घेऊन तशाच बाहेर आल्या. म्हणाल्या, "वश्यो." काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि गेम सुरू केला.

वश्या म्हणजे वसंत, काकांचा सख्खा धाकटा भाऊ. काका नोकरीसाठी मुंबईला आले, तो गावच्या घरात मागे राहिला, आता एकटाच असतो. परड्यातल्या बांधावरून दोघा भावांची तालुक्याच्या कोर्टात केस चालू आहे. बांध केवढा, तर म्हैस आडवी बसली तर दिसणार नाही. पण केस लागली त्या दिवसापासून बोलणं बंद. आईच्या कार्याला दोघं पाटाला पाट लावून बसले आणि भटजींच्या मार्फत बोलले. "तेका म्हणा पळी दी हकडे." "तेका म्हणा घे." भटजी घामाघूम.

तर असा हा वश्या, अख्ख्या देशातल्या हजारो खेळणाऱ्यांतून नेमका काकांच्याच टीममध्ये. काका म्हणतात, योगायोग. मला विचाराल तर गावात कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार आणि तो शोधत आला असणार. काही का असेना, तेव्हापासून दोघं रोज खेळायला लागले. बोलणं फक्त कामापुरतं. "डावीकडे बघ." "बघतंय." "गोळ्यो संपल्यो." "ह्यो घे." मी म्हटलं, चला, बोलायला तर लागलात. काका गंभीरपणे म्हणाले, "गेममधला बोलणा बोलण्यात धरूचा नाय. वकिलाक विचारलंय मी."

काकांचा कॉम्प्युटर म्हणजे मुलाने पुण्याला जाताना मागे टाकलेला जुना डबा. ऐन मोक्याला त्याचं चित्र थिजायचं. एका दुपारी वश्या एका घराच्या छपरावर सापडला, खाली शत्रू टपून बसलेले. काका झाडामागून म्हणाले, "मार उडी. मी आसंय." वश्याने उडी मारली आणि काकांचा डबा अडकला. चित्र हललं तेव्हा वश्या मरून पडला होता आणि काका जिथल्या तिथे उभे, बंदूक छातीशी. स्पीकरमधून एवढंच आलं, "सोडलंस मां परत."

दुसऱ्या दिवशी वश्या आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गाऱ्हाण्याला पुन्हा नुसतं शहरी 'होय महाराजा' ऐकू यायला लागलं. काका जेवताना ताटात बोट फिरवत बसायचे, असं काकींनी मला गॅलरीतून सांगितलं.

मी गेले. म्हटलं, "काका, एक फोन करा. कॉम्प्युटर अडकला होता म्हणावं."

"बोलणा नाय आमचा."

"मग काकी सांगतील."

"तिचाव नाय."

"बरं, लिहून पाठवा."

"लिवलेला कोर्टात जाता."

शेवटी काकांनीच मार्ग काढला. अडकणार नाही असा नवा कॉम्प्युटर घ्यायचा. वश्या परत आला तर पुन्हा तसं व्हायला नको आणि आला नाही तर... ते वाक्य काकांनी पुरं केलं नाही. मी ऑफिसच्या कामाला घरूनच दिवसभर कॉम्प्युटरवर बसते, एवढ्या पात्रतेवर रविवारी मला बरोबर नेण्यात आलं.

मालाडच्या त्या दुकानात काका शिरले ते बाजारात सरंगा घ्यायला जातात तसेच. मासळीवालीने कितीही वर्णन केलं तरी काका कल्ला उचलून बघितल्याशिवाय पैसे काढत नाहीत. इथेही पहिलं वाक्य, "पोट उघडून दाखव." दुकानदार चांगला होता. त्याने एका डब्याचं झाकण काढून आतलं ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळं दाखवलं. काकांनी वाकून वास घेतला. मग डब्यातले निळे-लाल दिवे पेटले.

"ह्ये कशाला? गणपती बसवायचाय का आत?"

"गेमिंग का है ना काका, लुक आता है."

"लुक नको. अडकतो का ते सांग."

"बिलकुल नहीं अटकेगा."

"स्टँपपेपरवर लिहून देशील?"

दुकानदार म्हणाला, वॉरंटी आहे. काका म्हणाले, "वॉरंटी डब्याची. आपला माणूस मेला तर?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "गेममधला," मी घाईघाईने म्हटलं.

मग काकांनी दुकानातल्या मशीनवर बसून स्वतःच परीक्षा घेतली. तेच छप्पर शोधलं, तीच उडी. उडी मारायची, बघायचं, परत वर चढायचं. एकदा डोळे मिटून मारली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. जरा वेळाने शत्रू आले तर त्यांनाही रीतसर गार केलं. मागे माणसं जमली. एका तरुणाने मोबाइलवर व्हिडिओ काढत मला विचारलं, "तुमचे बाबा का?" मी बेधडक हो म्हणून टाकलं. माझी मान अशी ताठ झाली होती म्हणून सांगू, बोर्डात पोरगा पहिला आल्यासारखी.

दोन मशीन पसंत पडली, एक काळं, एक पांढरं. मी म्हटलं काळं घ्या, धूळ दिसत नाही. काका म्हणाले, "कौल लावूचो लागतलो."

मला वाटलं घरच्या देवाला लावतील. छे. त्यांनी संध्याकाळी गावच्या देवळात गुरवाला फोन केला. गावी देवाला कौल लावायचा म्हणजे काय कानात विचारायचं नसतं. गुरव चार माणसांसमोर, देवळाचं छप्पर हलेल अशा आवाजात विचारतो. देवाच्या अंगावर चिकटवलेली कळी उजवीकडून पडली की होय, डावीकडून पडली की नाही. काकांनी प्रश्न शब्दन् शब्द सांगितला, गुरवाकडून पाठ करून घेतला आणि फोन स्पीकरवर ठेवायला लावला. आम्ही इकडे चारकोपात ऐकत बसलो.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या बाबीचो जुनो कॉम्प्युटर ऐन लढाईत अडाकता. तो अडाकलो म्हणान तेचो माणूस मेलो. बाबीन तेका सोडूक नाय हुतो. आता नयो घेता हा, तर काळो घेवचो तर उजवी दी रे म्हाराजा."

उजवी झाली. काकांनी फोन ठेवला आणि दोन्ही तळवे पँटीला पुसले. काळ्या-पांढऱ्याचं त्यांना काडीचंही पडलं नव्हतं. मी काकींकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "वश्यो सांजेक देवळातच बसता."

काय डोकं बघा माणसाचं. बोलणं बंद तर बंद, पण देवाच्या कानात घालून भावाच्या कानात सोडायला त्याला कुठला कायदा आड येत नाही.

शनिवारी मशीन आलं. नारळ फुटला, हळदकुंकू झालं. चार वाजता काकांनी पट्टा एक घर आवळला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. पहिल्या वाक्याला दोन होकार आले. दुसऱ्या वाक्याला तिसरा आला, "व्हय म्हाराजा." आवाज जरा खाली होता, पण होता. काका पुढचं वाक्य विसरले. काकींनी दारातून सांगितलं.

त्या दिवशी काय खेळले म्हणता. नवीन मशीन लोण्यासारखं चालत होतं. मी खुर्ची ओढून मागेच बसले. अगदी शेवटच्या दोन टीम उरल्या, जिंकणार हे नक्की, आणि अचानक वश्या उघड्या माळावर थांबला. एक पाय उचललेला, तसाच. गावचं नेट गेलं असणार.

"वसंतभाई अटक गए," इंदूरवाला म्हणाला. "काका, छोड़ दो उनको, पीछे आ जाओ, जीत रहे हैं."

काका मागे गेले नाहीत. झाडाआडून निघाले, माळ ओलांडला आणि त्या थिजलेल्या वश्याच्या पुढ्यात जाऊन त्याला पाठीशी घालून उभे राहिले. मग माइक तोंडाजवळ ओढला.

"वश्या, तुका आता आयकाक येवचा नाय, म्हणान सांगतंय. त्या दिवशी सोडूक नाय मी तुका. डबो अडाकलो." समोरून गोळी आली. काका तसूभर हलले नाहीत. "डोळ्याचा आपरेशन केलंस म्हणे. माका भायरसून कळला. सोबतीक कोण हुता रे? सांगूचा नाय मां? मी काय मेलंय काय? बांध र्‍हवलो बांधाच्या जाग्यार."

आणखी दोन गोळ्या. काका पडले, त्यांच्या मागे वश्या पडला. पडद्यावर हरल्याची पाटी आली. मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

मग स्पीकर खरखरला.

"सोबतीक कोण नव्हता, दादा. एकटोच गेलंय."

चित्र अडकलं होतं, आवाज चालू होता. सगळं ऐकलं होतं त्याने. काकी दाराच्या चौकटीला टेकल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"फुडच्या डोळ्याक माका सांगूचा," ते म्हणाले. "मी येतंय."

"ये."

गुवाहाटीच्या डॉक्टरीणबाईंना ह्यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "काका, ये वसंतजी आपके कौन हैं?"

काका खुर्चीत ताठ बसले. शर्टाची कॉलर नीट केली.

"भाई है मेरा," ते म्हणाले. "सगा भाई."