हळदकुंकू लावलेला फ्रिज

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे फ्रिज होते. जंगलात वीज कुठून आली असं विचारू नका. आली. गोष्ट माझी आहे.

फ्रिज बिघडला की जनावरं तो टेकडीवरून खाली ढकलायची आणि नवा आणायची. टीव्ही, मिक्सर, मोबाइल, सगळं त्याच वाटेनं. टेकडीच्या तळाशी साळूबाई साळिंदरिणीचं बीळ होतं. एकदा ती दोन पिल्लांना घेऊन मुळं उकरायला गेली. परत येते तर काय, बिळाच्या तोंडावर हा एवढा ढिगारा!

"अगं बाई!" ती तशीच रडत पंचायतीत गेली. "गवेअण्णा, माझं घर बुजलं हो! पिल्लं घेऊन मी कुठे जाऊ?"

गवेअण्णा म्हणजे सरपंच रानगवा. अंगानं आडदांड, मनानं मऊ. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. ज्याचं यंत्र बंद पडलं, त्यानंच ते पाठीवर घालून जंगलाबाहेरच्या भंगाराच्या कारखान्यात पोचवायचं.

पाठीवर म्हटल्याबरोबर सभेत एकच कालवा झाला. एकट्या रानडुकराचेच चार फ्रिज होते.

तेव्हा मुंगूस वकील उठला. "अण्णा, यंत्र बंद आहे हे ठरवायचं कसं?"

"बटण दाबायचं," साळूबाई म्हणाली.

"बाई, मधे बोलू नका. खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू लावतो. कुठल्या यंत्रांना? वापरातल्या! बंद यंत्राची पूजा कोणी करतं का? म्हणजे ज्याला हळदकुंकू, ते यंत्र चालू. संपला विषय."

गवेअण्णांना नीटसं कळलं नाही. पण तसं सांगायची लाज वाटली. ठराव मंजूर झाला.

त्या दुपारी जंगलातलं कुंकू संपलं, बाळांनो! ढिगाऱ्यापुढे रांग लागली. रानडुकरानं तर दार निखळलेल्या फ्रिजला झेंडूचा हार घातला आणि वर साळूबाईलाच म्हणाला, "वहिनी, काटे जरा सांभाळा हं. हार अडकेल."

आठवड्यानं तपासणीला बगळेसाहेब आले. जिल्ह्याचे मोठे अधिकारी, पांढरेशुभ्र.

"चालू फ्रिज किती?"

"एकशे बारा, साहेब," गवेअण्णा म्हणाले.

"बंद?"

"एकही नाही."

साहेबांनी विजेचा मीटर पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. "एकशे बारा फ्रिज, आणि वीज सहा फ्रिजांपुरती! अहो, एवढी बचत मी जन्मात पाहिली नाही."

लगेच गवेअण्णांना शाल, श्रीफळ आणि चकचकीत ढाल मिळाली.

आता मात्र साळूबाईचा तोल सुटला. "अहो, मेलेत ते सगळे! डोळे फुटले का तुमचे? माझं घर आहे त्याखाली!"

गवेअण्णांनी ढाल पोटाशी धरली. मन मऊ होतं हो, पण ढालही छान होती. त्यांनी वकिलाकडे पाहिलं.

"बाईंचं घर बंद पडलंय, एवढंच ना?" वकील म्हणाला. त्यानं चिमूटभर कुंकू घेतलं आणि बीळ जिथे असावं असं त्याला वाटलं, तिथे लावलं. "घ्या. झालं चालू."

टाळ्याच टाळ्या. साहेबांनी वहीत तशी नोंद केली.

"आता तरी खूश ना, साळूबाई?" गवेअण्णांनी अगदी मनापासून विचारलं.

धाकट्या पिल्लानं धावत जाऊन फ्रिजला धडक दिली आणि ते नाक चोळत परत आलं. "आई, घर चालू झालं ना? मग आत का नाही जाता येत?"

साळूबाई त्याला जवळ घेऊन तिथेच उन्हात बसली. तेवढ्यात वरून आणखी एक टीव्ही गडगडत आला. त्याला हळदकुंकू वरूनच लावून पाठवलं होतं.

तात्पर्य : वस्तू बिघडली तर ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, नियम दुरुस्त करावा. त्यानं कचरा होत नाही, विजेची बचत होते आणि शालही मिळते. घर मात्र टेकडीच्या माथ्यावर बांधावं.