जनूकाकांनी मोडलेलं लग्न

जनूकाकांना चहा नको असला तर ते 'नको' म्हणत नाहीत. ते चहा 'डिक्लाइन' करतात. साखर जास्त झाली तर 'रिजेक्ट' करतात आणि अर्धा कप ठेवून उठले, तर माझ्या बायकोला जाता जाता सांगतात, "सूनबाई, उरलेला अबॅन्डन केलाय हो." बायको म्हणते, एवढं इंग्रजी फाडण्यापेक्षा कप मोरीत नेऊन ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

बोर्डीत आमच्या घराला लागूनच त्यांची चिकूची वाडी. वाडीत कौलारू घर, ओसरीवर झोपाळा. काकांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ विलास, त्याची बायको आणि मुलगी केतकी पलीकडच्या घरात राहतात. काकांची सगळी नोकरी डहाणूला सरकारी कचेरीत गेली, आणि तीही हरकतींच्या टेबलावर. जमिनीच्या नोंदीला कुणाचा विरोध असेल तर तो माणूस यांच्यासमोर येऊन बसायचा. जन्मभर मिरच्या दळणारा घरी आल्यावरही शिंकतोच, तसं त्यांचं झालं.

तिथेच त्यांनी ही क्रियापदं जमवली. फक्त मोडण्याची, थांबवण्याची आणि उलटवण्याची. जोडण्याच्या क्रियापदांशी त्यांना कर्तव्य नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून माझी रोज हजेरी घेतात. "मास्तर, तुम्ही पोरांना सरसकट कॅन्सल शिकवता. कॅन्सल होते ती डहाणूची बस. आपणच दिलेली परवानगी आपण परत घेतली की रिव्होक. आणि ऑब्जेक्ट बसल्या जागी करता येतं, अपोज करायला उभं राहावं लागतं!"

आणि ते उभे राहतातच. किनाऱ्यावरच्या बाकांना निळा रंग द्यायचं ठरत होतं, तर भर सभेत काका उभे. का? तर समोर एवढा निळा पसरलेला असताना बाकावर आणखी कशाला! वाणसामानाचं दुकान चालवणारे धनसुखभाई त्यांना लांबून येताना बघूनच विचारतात, "बोलो जनुभाई, आजे शेनो विरोध?" काकांचा विषय निघाला की हसायचं, असं गावात जणू ठरूनच गेलं होतं.

पुढचं लिहायला मी केतकीची परवानगी घेतली आहे. काकांची घेतलेली नाही, कारण ती मिळाली नसती.

मागच्या हिवाळ्यात केतकीचं लग्न ठरलं. ती कोसबाडला शिक्षिका आहे. मुलगा तलासरीचा, स्वतःचं दुकान असलेला. साखरपुडा झाला. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण फोनवर चालत नाही, अक्षता घेऊन दारात जावं लागतं. विलास आणि त्याची बायको गावभर फिरून आले. नवल म्हणजे काकांनी कशालाच हरकत घेतली नाही, बँडलासुद्धा नाही.

मग मुलाबरोबर वापीला शालू घ्यायला गेलेली केतकी परतली ती मनगट ओढणीत गुंडाळून. मुलाने पसंत केलेल्या रंगाला ती नाही म्हणाली, म्हणून त्याने दुकानातच तिचा हात पिरगळला होता. "मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली. काकांना आणि मला विलासने निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. तो डोकं धरून बसला होता.

"अगं, अक्षता वाटून झाल्या. पोरीनं मोडलं असं एकदा बाहेर कळलं, की पुन्हा कोण येईल आपल्या दाराशी? नंतर सुधारतात पोरं."

केतकी मनगटावरची ओढणी घट्ट करत राहिली. आणखी तासभर सगळे असेच बोलत राहिले तर ती हो म्हणेल, हे मला दिसत होतं आणि मला खरोखर भीती वाटली.

काका उभे राहिले. "पोरीनं मोडलं असं कोण सांगतंय? मी मोडलं."

"पण दादा, कारण काय सांगायचं?"

"जनूला कारण लागतं, असं गावात कोण म्हणतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले. फोन करून टाकू म्हटलं तर भडकले. "ज्या वाटेनं हुकूम जातो, त्याच वाटेनं तो रद्द होतो, मास्तर. दारात जाऊन बोलावलंय ना? मग दारात जाऊनच मोडायचं. चला, आधी तलासरी."

मुलाच्या वडिलांना त्यांनी सरळ सांगितलं, "मुलगी तयार होती. मीच अपोज केलं. मला हे स्थळ पसंत नाही." वडिलांनी त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका ते उभ्यानं शेवटपर्यंत ऐकत राहिले. मुलगा दाराशीच होता. काकांनी फक्त एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं. त्यानं हात खिशात घातले.

मग आमचं गाव, दारोदार. यात पोरीचा काय दोष, हे धनसुखभाईंना काही केल्या कळेना. "पण जनुभाई, एमां छोकरीनो शुं वांक?"

"काहीच नाही. तेवढं लक्षात ठेवा. पोरगी सोन्यासारखी आहे, काका नालायक आहे."

एका घरी तर म्हातारीनं तोंडावर सुनावलं, "स्वतःचं झालं नाही, म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही मेल्याला!" स्कूटरपाशी आल्यावर काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी म्हटलं, उरलेली घरं उद्या करू. तर म्हणाले, "पुढचं घर कोणतं? चला."

परतताना मला राहवलं नाही. "काका, तुमचं नाव गेलं हो गावात."

"जाऊ दे. माझं कोण काय मोडणार आहे? जुळलंच नव्हतं कधी." एवढं बोलून ते हसले. मला हसता आलं नाही.

केतकीच्या नावाला धक्का लागला नाही. लोक उलट तिचीच कीव करू लागले, बायका नवी स्थळं सुचवू लागल्या. काकांना मात्र आता कोणी हसत नाही. शुभकार्य असलं की त्यांना वगळतात.

फेब्रुवारीत आमच्याच आळीत एक लग्न निघालं. आमच्या घरी अक्षता आल्या, विलासकडे आल्या. काकांच्या दाराशी कुणी थांबलं नाही. लग्नाच्या दुपारी मी कपडे करून निघालो, तेव्हा ते झोपाळ्यावर एकटेच बसले होते आणि मांडवातली सनई इथवर ऐकू येत होती. इतक्यात केतकी आली. अंगावर घरातलाच ड्रेस, हातात झाकलेलं ताट.

"तू इथे काय करतेस? पंगत बसली असेल. जा!"

"मी नाही जाणार."

"अगं, तुला बोलावलंय. लोक काय म्हणतील? जा म्हणतो ना मी!"

"मी रिफ्यूज करते, काका."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण जन्मभर जमवलेल्या क्रियापदांतलं एकही त्यांना आठवेना. मग ते नुसतेच सरकले आणि झोपाळ्यावर तिला जागा करून दिली.