न बोललेल्याची वही

आमच्या ऑफिसातले श्रीपादअण्णा मीटिंगमध्ये लोक बोलायला लागले की पेन खाली ठेवतात आणि गप्प झाले की उचलून वहीत लिहितात. गिऱ्हाइकाला कसलं सॉफ्टवेअर हवंय, हे त्याच्या बोलण्यातून शोधून लिहून काढायचं, हे आम्हा दोघांचं काम. मी मुकाट्यानं बोललेलं लिहितो.

"बोललेलं काय, कुणीही लिहितंय की रे," अण्णा मला झापतात. "ओठांवर अडलेलं लिही, अडलेलं!"

गेल्या महिन्यात साहेबांनी एक ॲप आणलं. ते म्हणे मीटिंग ऐकून मागण्यांची यादी आपोआप काढतं. लगेच फर्मान सुटलं, "अण्णा, वही आणणार असाल तर मीटिंगला येऊ नका."

"मला काढा. वही निघायची नाही," अण्णा म्हणाले आणि त्यांनी तिथंच वहीत लिहिलं, 'साहेबांनी नजर चुकवली.'

गोकुळ रोडवरच्या एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात मीटिंगला ते वहीसकट हजर! मालक तासभर बोलले. ॲपनं चाळीस मागण्या काढल्या. ज्यांना दिवसभर त्या सॉफ्टवेअरवर काम करायचं होतं, ते स्टोअरकीपर बसप्पा मात्र गप्प. "म्हणजे सगळ्यांना मान्य," म्हणत साहेबांनी लॅपटॉप मिटला.

अण्णा उठलेच नाहीत. वहीत होतं, 'सॉफ्टवेअरचा स्क्रीन दाखवला. बसप्पांनी चष्मा पुसला. परत पुसला.'

"हेळ्री बसप्पा, सांगून टाका," ते म्हणाले.

बसप्पांनी मालकांकडं पाहिलं. मग हळूच कन्नडमध्ये म्हणाले, "अक्षरं दिसत नाहीत, सर. सांगितलं तर काम जाईल, वाटलं."

मालक भला माणूस. "अक्षरं मोठी करा," म्हणाले, "आणि बसप्पा इथंच राहणार." साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी पोटभर पाहून घेतला.

परतताना लॅमिंग्टन रोडवर एका गाण्याच्या क्लाससमोर अण्णांची पावलं मंदावली. मी चेष्टेनं विचारलं, "काय अण्णा, गाणं शिकायचंय?"

"मला नाही रे. तुझ्या काकूला." काकू जाऊन तीन वर्षं झाली. "इथं आली की हळू चालायची. एकदा विचारलं, शिकणार का? 'छे, या वयात!' म्हणाली. मी तेवढंच ऐकलं बघ."

मीही पाऊल हळू केलं.

साहेबांचं फर्मान अजून कायम आहे. सोमवारच्या मीटिंगला मीही वही नेणार आहे. काढायचं तर दोघांनाही काढा म्हणावं.