हौसाबाईची पाच अंडी, नग अखंड

एका जंगलात एके वर्षी कायदा आला, मुलांनो. त्याआधी तिथे नुसताच न्याय होता. म्हणजे ज्याचे दात मोठे त्याचं बरोबर. सोपं होतं, पण रानटी होतं.

कायदा आला आणि जंगल सुधारलं. जांभळीखाली पोलीस चौकी उभी राहिली. गवा फौजदार झाला, कारण त्याची मान सगळ्यात जाड होती. साळिंदर कारकून झाला, कारण त्याच्या पाठीवर लेखण्या फुकट होत्या. चौकीवर पाटी लागली : ‘कायदा हातात घेऊ नये.’ हसताय काय रे मागचे? निम्म्या जंगलाला हात नव्हते हे मलाही माहीत आहे. तरी सगळ्यांनी पाटी वाचली आणि माना डोलावल्या.

त्या जंगलात हौसाबाई नावाची रानकोंबडी राहायची. सरळ इतकी, की घरटं कुठे आहे असं कावळ्याने विचारलं तरी खरं सांगायची. करवंदीच्या जाळीत तिने पाच अंडी घातली होती. पहिलीच वेळ. एकेका अंड्याचं नावसुद्धा ठरवून झालं होतं. एका दुपारी ती ओढ्यावर पाणी प्यायला गेली, आणि तेवढ्यात मुंगूसरावांनी पाचही अंडी उचलून आपल्या बिळात नेली. खाल्ली मात्र नाहीत. त्यांचं जेवण नुकतंच झालं होतं आणि संध्याकाळी मेहुणे यायचे होते.

पूर्वीचे दिवस असते तर हौसाबाईने कलकलाट केला असता, चार कोंबडे धावून आले असते आणि मुंगूसरावांना पळता भुई थोडी झाली असती. पण तिने पाटी वाचली होती. ती चौकीवर गेली.

खोटं कशाला सांगू, फौजदार तिच्याशी चांगला वागला. बसायला सांगितलं, पाणी दिलं. साळिंदराने फिर्याद लिहून घेतली. अंडी तुझीच कशावरून, हे त्याने तीनदा विचारलं, कारण तो प्रश्न कागदावर तीन ठिकाणी होता. मग गवा थेट बिळावर गेला आणि मुंगूसराव अंड्यांसकट सापडले. तासाभरात तपास पुरा. अशी चौकी तुमच्या गावाला लाभो.

मग पंचनामा झाला. पंचनामा म्हणजे काय, तर कुठे काय सापडलं ते दोन तिऱ्हाइतांसमोर लिहून काढायचं. ते तिऱ्हाईत म्हणजे पंच. चौकीच्या शेजारी दोन ससे राहायचे. जंगलातल्या प्रत्येक पंचनाम्याला पंच म्हणून तेच. चौकीला लांब जायला नको, आणि सशांमध्ये नाही म्हणायची धमक नाही. त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे गच्च मिटून अंगठे उठवले. ‘अंडी, नग पाच, अखंड, कुठेही तडा नाही.’ लाख लागली. सील झालं.

हौसाबाईला रडूच फुटलं, आनंदाने. अंडी कुशीत घ्यायला ती पंख पसरून पुढे झाली, तर साळिंदर आडवा.

“बाई, ही आता अंडी नाहीत. हा मुद्देमाल आहे.”

चोरीची वस्तू सापडली की ती पुरावा होते, आणि पुरावा खटला संपेपर्यंत चौकीच्या कोठारात राहतो, असं त्याने समजावलं. खटला कधी संपेल, असं तिने विचारलं. साळिंदर लेखणीचं टोक न्याहाळत बसला. अंडी गार पडली तर आतला जीव जातो हो, उद्यापर्यंत कशीबशी निभावतील, ती काकुळतीला आली. मग म्हणाली, मी कोठारात येऊन बसते, नाहीतर मलाही सील करा. फौजदाराला तिची कणव आली, पण तो तरी काय करणार? पुराव्यावर बसणं म्हणजे पुराव्याशी छेडछाड.

तोवर मुंगूसराव जामिनावर सुटलेसुद्धा. त्यात वावगं काही नाही हं. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे कायद्यातलं पहिलं तत्त्व आहे, आणि चांगलं तत्त्व आहे. फक्त जामीन आरोपीला असतो, अंड्याला नसतो. मुंगूसराव मेहुण्यांना घेऊन ओढ्यावर फिरायला गेले आणि अंडी आत राहिली.

हौसाबाई चौकीच्या पायरीवर बसून राहिली. दाणा नाही, पाणी नाही. सकाळी साळिंदराला राहवलं नाही. तो हळूच म्हणाला, एक वाट आहे. सुपूर्दनामा लिहून दिलात तर कोर्ट मुद्देमाल मालकाकडे सांभाळायला देतं. पण तो फक्त सांभाळायचा. बोलावलं की जसाच्या तसा आणून दाखवायचा.

जंगलाचं कोर्ट सांबरसाहेब चालवायचे. म्हातारे आणि सज्जन. आयुष्यात कुणाच्या हातचं गवताचं पातं त्यांनी खाल्लं नाही, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. त्यांनी अटी वाचून दाखवल्या : मुद्देमालाच्या संख्येत, आकारात, रंगात वा स्वरूपात कोणताही बदल होऊ देणार नाही. हौसाबाई प्रत्येक अटीला हो साहेब, हो साहेब म्हणत गेली. तिचं लक्ष होतं कुठे? अंड्यांकडे. तिने नखाने सही ओरखडली आणि अंडी पोटाशी घेतली. अजून कोमट होती, चुलीवरून उतरवलेल्या भांड्यासारखी.

ती वीस दिवस जागची फारशी हलली नाही. एकविसाव्या दिवशी पोटाखाली टकटक झाली. एक पिल्लू बाहेर आलं, मग दुसरं, मग पाचही. हौसाबाईला इतका आनंद झाला की ती घटकाभर आरवलीच, कोंबडी असून.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. अरे, नुसता न्याय असता तर संपलीच असती.

कोर्टाचा निरोप आला : मुद्देमाल घेऊन हजर राहा. हौसाबाईने पिल्लांची पिसं विंचरली आणि टरफलं पानात गुंडाळून घेतली. रस्ताभर तिला वाटत होतं, सांबरसाहेबांना किती कौतुक वाटेल.

सांबरसाहेबांनी विचारलं, मुद्देमाल कुठे आहे? तिने पाच पिल्लं ओळीने उभी केली. मुंगूसरावांचा वकील धनेश पक्षी होता. त्याची चोच त्याच्या डोक्याहून मोठी होती आणि धंद्याला तेच बरं पडायचं. तो उठला. पंचनाम्यात अंडी पाच, अखंड. कोर्टात अंडी शून्य. म्हणजे पुरावा नष्ट झाला, असं तो म्हणाला. नष्ट कुणी केला? ऊब देऊन चिथावणी दिली फिर्यादीने. प्रत्यक्ष फोडतोड केली या पाच इसमांनी, आणि तीही आतून.

पाच इसमांपैकी एक तेव्हा साळिंदराची लेखणी टोचून बघत होता.

सांबरसाहेब विचारात पडले. मग म्हणाले, पिल्लं हाच आता मुद्देमाल. सुपूर्दनामा मोडला, तेव्हा तो बाईंकडे ठेवता येत नाही. कोठारातही ठेवता येत नाही, कारण तो खातो. मग द्यायचा कुणाकडे?

धनेशाने पंचनामा वर धरला. “अंडी माझ्या अशिलांच्या ताब्यात होती, तोवर एकालाही तडा गेला नव्हता. बाईंच्या ताब्यात गेली आणि पाचही फुटली. नीट सांभाळणारं कोण, ते कोर्टानेच बघावं.”

सांबरसाहेबांनी कागद दोनदा वाचला. लिहिलं होतं खरं तसंच. मुंगूसरावांनी नम्रपणे खाली बघितलं आणि पिल्लांचं घरच्यासारखं करीन, मेहुणेही मदतीला आहेत, असं सांगितलं. सांबरसाहेब साळिंदराला म्हणाले, लिहा.

 कलमं हौसाबाईला कळली नव्हती. मुंगूसराव पिल्लांकडे कसे बघत होते, ते मात्र नीट कळलं. आयुष्यात ती एकदाही खोटं बोलली नव्हती. आता टरफलांची पुडी पंखाखाली दडवून बोलली.

“साहेब, माझी अंडी चोरीला गेलीच नव्हती.”

साळिंदराची लेखणी थांबली. मग फौजदारांनी बिळातून काय जप्त केलं, असं सांबरसाहेबांनी विचारलं. गोटे असतील, ती म्हणाली, ओढ्यात तसे पुष्कळ आहेत. मीही गोट्यांवरच बसले होते, माझीच नजर कमी. आणि ही पिल्लं, साहेबांनी विचारलं. ही माझी आहेत साहेब, यांचा या खटल्याशी काही संबंध नाही.

गव्याचे कान तापले. त्याने पंचांना बोलावलं. सशांनी गव्याकडे बघितलं, धनेशाकडे बघितलं, आणि थरथरत सांगितलं की अंगठा उठवताना आमचे डोळे मिटलेले होते, गोटेही असतील. पंच झाल्यापासून ते पहिल्यांदाच खरं बोलले.

मुंगूसराव बेचैन झाले. वकिलाचा पंख ओढू लागले. धनेश कानाशी वाकून म्हणाला, “तुम्हाला पिल्लं हवी असतील तर अंडी तुम्ही चोरली होती असं मला ओरडून सांगावं लागेल. सांगू?” मुंगूसराव पंख सोडून खाली बसले.

निकाल झाला. चोरी झालीच नाही, म्हणून मुंगूसराव सन्मानाने मुक्त. कोर्टाने त्यांच्याकडे दिलगिरी व्यक्त केली. हौसाबाई खोट्या फिर्यादीबद्दल दोषी. महिनाभर चौकीचं अंगण झाडायची शिक्षा. गव्याने पाटीखाली आणखी एक पाटी लावायला सांगितली : ‘या वर्षी चोऱ्या, शून्य.’

हौसाबाईने वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि पाच पिल्लं पंखांखाली घेऊन बाहेर पडली.  चौकीपासून पुरेसं लांब गेल्यावर धाकटीने पंखातून डोकं काढलं.

“आई, आम्ही कुठून आलो गं?”

“गोट्यातून, बाळा. कुणीही विचारलं तरी हेच सांगायचं.”

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं. मात्र त्याआधी घरात लहान मुलं नाहीत, याची खात्री करून घ्यावी.